सातव्या चित्राचा खाका

शके १७१४, मार्गशीर्ष वद्य ४

सासवडहून होकार आला. आत्याने सकाळी सांगितले तेव्हा मी नुसती मान हलवली. खरे वाटले ते दुपारी, त्या बाईचा भाऊ स्वतः दारात येऊन उभा राहिला तेव्हा. त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले, पाणी प्यायला आणि म्हणाला की बहिणीची हरकत नाही. पौषात काही नको, माघ वद्यात माझ्याशी तिचा पाट लावून टाकू. बाई एकतीस वर्षांची आहे. नवरा जाऊन चार वर्षे झाली. एक मुलगा आहे, तो दिराकडे वाढतो. आत्याच्या लेखी हीच तिची मोठी लायकी. "कूस सिद्ध आहे," ती म्हणाली.

त्याला जेवायला आनंदीने वाढले. दुसरी भाकरी आग्रहाने वाढली. तो हात धुवायला उठला तेव्हा तिने त्याचे पागोटे उचलून खुंटीला लावले, जमिनीला लागू नये म्हणून. मी हे सगळे पाहत बसलो होतो.

आनंदी माझी बायको, वय अठ्ठावीस. संसाराला नऊ वर्षे झाली, मूल नाही. आमच्या जिनगर आळीत खोगिरे शिवणारी घरे पुष्कळ, चित्रे काढणारे आमचे एकच. ते माझ्यानंतर बंद पडेल, ही आत्याची काळजी. आई लहानपणी गेली, मला मथुराआत्यानेच वाढवले. तिच्यापुढे माझा आवाज आजवर निघालेला नाही.

आजच दुसरी गोष्ट घडली. एका सरदारांचे कारभारी यज्ञेश्वरपंत घरी आले आणि बारा चित्रांचे काम देऊन गेले. स्त्रीपुरुषांची आसने काढायची आहेत. सरदारांनी उत्तरेच्या स्वारीतून जुनी रेखाटने आणली आहेत, त्यांवरून रंगीत चित्रे हवीत. पौष संपण्याआधी.

पंतांनी सांगितले, कामाची रोज नोंद ठेवा. म्हणून हे लिहायला घेतले. पण वरचे वाचून पाहिले तर पंतांना दाखवण्याजोगे त्यात काहीच नाही. त्यांच्यासाठी वेगळा कागद करीन. हा माझ्यापाशी राहू दे.

मार्गशीर्ष वद्य ६

मागची खोली कामाला घेतली. खिडकीला तेल लावलेला कागद डकवला आहे, त्यातून उजेड दुधासारखा येतो आणि कुठेही सावली पडत नाही.

पंतांची अट आहे की दार आतून लावून काम करायचे. आत मी आणि खाके टोचणारे माणूस, तिसरे कोणी नको. "एक जरी कागद बाहेर दिसला, तर पुढचे चित्र तुमच्या पाठीवर काढवून घेऊ," असे ते अगदी शांतपणे म्हणाले. खाके कोण टोचते, असे विचारले. मी म्हटले, बायको. तिला तोंड बंद ठेवायला सांगा म्हणाले. मी म्हटले, ती मुळातच कमी बोलते.

आत्याला हे आवडले नाही. भरदिवसा नवराबायको दार लावून बसतात म्हणजे आळी काय म्हणेल? पण सरदारांचा हुकूम, म्हणून ती गप्प बसली. आम्हाला नऊ वर्षांत दिवसा बंद दार मिळाले नव्हते. मिळाले ते असे.

काम असे चालते. पातळ कागदावर मी रेखाटन उतरवून घेतो. आनंदी त्या रेघांवरून सुईने बारीक भोके पाडते. हा खाका. तो चांगल्या कागदावर ठेवून त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवली की खाली ठिपक्याठिपक्यांचे चित्र उमटते, आणि मी ते रेघांनी जोडतो. पुरुषाचा खाका वेगळा, स्त्रीचा वेगळा. दोन्हींच्या कोपऱ्यात हिंगुळाचा एक लाल ठिपका असतो. चांगल्या कागदावरच्या खुणेवर तो ठिपका बसवला की दोन्ही माणसे आपापल्या जागी येतात. ठिपके लावायचे काम आनंदीचे. माझ्या वडिलांच्या वेळी ते आत्या करायची.

पहिले रेखाटन आनंदीपुढे ठेवताना मीच खाली पाहिले. तिने ते उचलून उजेडात धरले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हिचा पाय दुखत नसेल का हो?"

मार्गशीर्ष वद्य ९

दोन चित्रे झाली. स्त्रीच्या अंगाला पिवळ्या पेवडीत थोडा सफेदा घातला, पुरुषाला गेरूचा हात दिला.

आज कंबर फार दुखली. या कागदाशी खोटे बोलून उपयोग नाही, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी शनिवार पेठेत एका वाड्याची भिंत रंगवताना परांचीवरून पडलो. डावा खुबा मोडला. हाडवैद्याने बसवला, पण तो नीट बसला नाही. चालता येते. डाव्या गुडघ्यावर भार देता येत नाही. दिला की डोळ्यांपुढे अंधार येतो. त्यानंतर आनंदीजवळ दोनदा गेलो. दोन्ही वेळा मध्येच ओरडलो आणि दुसऱ्या वेळी आत्याने बाहेरून विचारले, काय झाले. मी म्हटले, विंचू. त्यानंतर गेलो नाही.

आधीची सात वर्षे दैवाची, पण तेव्हापासून मूल नाही यात नवल ते काय? पण आत्याला हे ठाऊक नाही. ती आनंदीला सोमवार धरायला लावते, शनिवार धरायला लावते, रोज सकाळी पिंपळाला एकशे आठ फेऱ्या घालायला लावते. आनंदी घालते. मी एकदाही म्हटले नाही की थांब, दोष तुझा नाही. तिनेही कोणाला सांगितले नाही. कदाचित तिला नीट कळले नसेल. ती फार साधी आहे.

मार्गशीर्ष वद्य १२

तिसरे चित्र पुरे झाले. थंडी पडली आहे, डिंक लवकर घट्ट होतो.

दुपारी आनंदी टोचता टोचता झोपली. सुई हातातच होती. खिडकीचा पांढरा उजेड तिच्या पाठीवर पडला होता. चोळीच्या गाठीखाली उजवीकडे एक तीळ आहे. नऊ वर्षे झाली, मला ठाऊक नव्हता. ठाऊक कसा असणार, समईसुद्धा कधी ठेवली नाही आम्ही.

पौष शुद्ध २

आज जे झाले त्याची लाज वाटते.

चौथ्या चित्रात पुरुष गुडघ्यांवर आहे आणि स्त्री त्याच्या मांडीवर मागे रेललेली. जुने रेखाटन पुसट झाल्यामुळे तिचा भार नक्की कुठे पडतो ते कळत नव्हते. सरदार चोखंदळ आहेत. भार चुकला की चित्र हवेत तरंगते. मी तासभर पुसत आणि काढत बसलो. शेवटी आनंदी म्हणाली, "बसून पाहू या का? कळेल तरी."

ती इतक्या सहज म्हणाली, जणू पाटा कुठे ठेवू असे विचारते आहे. मी गुडघ्यांवर बसलो. ती आली. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. क्षणभर सगळे ठीक वाटले, मग डाव्या खुब्यात कोणी पहार घातल्यासारखे झाले आणि मी तिला ढकलले. रंगाची वाटी लवंडली. हरताळ सगळीकडे झाला.

मी फार वाईट बोललो. ही थेरं तुला कोणी सांगितली, असे म्हणालो. ती फरशीवरचा पिवळा रंग टिपत राहिली. मग म्हणाली, "भार उजव्या मांडीवर येतो. तसा काढा."

तसा काढला. बरोबर आला.

पौष शुद्ध ३

काम केले नाही. आनंदी पिंपळाला जाऊन आली. तिच्या पावलांना अजून पिवळा रंग आहे.

पौष शुद्ध ६

पाचवे आणि सहावे चित्र झाले. आम्ही कामापुरते बोलतो.

कागदीपुऱ्यातून मदिनाबी नवा कागद घेऊन आली. रहीम कागदी कागद करतो आणि त्याची ही बायको अकीकाच्या दगडाने तो घोटून आरशासारखा गुळगुळीत करते. वय साठीच्या पुढे असेल, अकरा मुलांची आई. ती आणि आनंदी ओट्यावर बराच वेळ बसल्या होत्या. मी जवळ गेलो की कागदाबद्दल बोलत. निघताना मदिनाबीने मला विचारले, "चितारीबुवा, झोपता कुठल्या कुशीवर?"

मी म्हटले, उजव्या. डावी सोसत नाही.

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि गेली. म्हाताऱ्या माणसांना कशात बरे वाटेल सांगता येत नाही.

पौष शुद्ध ८

सातव्याचे खाके आनंदीकडे दिले. एरवी ती एका दिवसात टोचते, यावेळी दोन दिवस लागले. डोळे थकले असावेत.

शेजाऱ्यांकडून तिने खोगिराची एक जुनी गादी मागून आणली आहे. आत्याने विचारले, खोगीर कशाला? आनंदी म्हणाली, चित्रात घोडा आहे. चित्रात घोडा नाही. पण आत चित्रे काय आहेत हे आत्याला सांगता येत नाही, त्यामुळे तिचे उत्तर शहाणपणाचेच म्हणायचे.

पौष शुद्ध ९

सातवे चित्र उमटवले आणि मी चकित झालो. ठिपके खुणेवर बसवले होते, पुरचुंडी नीट फिरवली होती. पण आधीच्या सहा चित्रांत असे काही नव्हते. पुरुष आडवा, उजव्या कुशीवर, डावा गुडघा वाकलेला आणि कशावर तरी टेकलेला. स्त्री त्याच्या समोर, तीही कुशीवर, तोंडाला तोंड, तिचा वरचा पाय त्याच्या अंगावरून पलीकडे. दोघे जणू बोलता बोलता जवळ आलेले. कोणी कोणाच्या वर नाही, कोणी खाली नाही.

बाराही रेखाटने मी पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवली होती, सातवे नेमके कसे होते ते आठवत नव्हते. मूळ रेखाटन ताडून पाहायला हवे होते, पण ते आनंदीने पेटीत तळाशी ठेवले होते आणि पेटीवर नवा कागद रचला होता. मी ठिपक्यांवर भरवसा ठेवला.

अडचण एकच होती, तिचा खालचा हात. खांद्यापर्यंत दिसतो आणि पुढे नाहीसा होतो. चार प्रकारे काढून पाहिला. कधी तुटलेला वाटे, कधी तिसऱ्याच माणसाचा.

आनंदी खाका झटकत होती. तिने माझ्याकडे न पाहता विचारले, "हात कुठं जातो, तेवढंच पाहायचं ना?"

मी म्हटले, मागचे विसरलीस का?

"यात गुडघ्यावर बसायचं नाही," ती म्हणाली.

तिने दाराची कडी पुन्हा एकदा पाहिली, गोधडी अंथरली आणि खोगिराची गादी मधोमध ठेवली.

पौष शुद्ध १०

काल पुढचे लिहिता आले नाही. आजही नीट येईल असे नाही.

मी उजव्या कुशीवर झालो. तिने माझा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून गादीवर ठेवला, रंगाची ओली पाटी उचलावी तसा. दुखले नाही. मी दुखण्याची वाट पाहत राहिलो. ते आले नाही. मग ती समोर आली. पुष्कळ वेळ आम्ही नुसते पडून होतो. बाहेर आत्या कोणाशी तरी मुळ्याच्या भावावरून वाद घालत होती. खिडकीचा कागद वाऱ्याने आत येई आणि बाहेर जाई, खोलीच श्वास घेते आहे असे वाटे.

तिचा चेहरा एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात मी पाहिलेला नव्हता. डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. बुबुळे काळी नाहीत, काजळात गेरूचा एक थेंब पडल्यासारखी आहेत. मी हा रंग कधी केलेला नाही.

चित्रात स्त्रीचा वरचा तळहात पुरुषाच्या डाव्या खुब्यावर आहे. अगदी तिथेच. हा योगायोग पाहून मला नवल वाटले. तिचा हात तिथे आला, गरम होता, तिने तो हलवला नाही.

मग चित्रातले सगळे एकेक करून झाले. घाई नव्हती. माझे काही चुकले तर ती हसे आणि मी थांबे, आणि ती म्हणे की थांबू नका. एकदा खोगिराची गादी सटकली आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना. तोंडावर गोधडी घेऊन हसलो. मला वाटत होते की या कामात हसणे म्हणजे अपमान. तसे नसते. पुढे काय झाले ते या कागदालाही सांगत नाही. एवढेच लिहितो की दोन वर्षे मी स्वतःला भिंतीवरून पुसलेले चित्र समजत होतो. पुसलेले नव्हते.

हाताचे कोडे सुटले. तो माझ्या मानेखाली जातो. चित्र पाहणाऱ्याला तो दिसणारच नाही. तिथे निजणाऱ्यालाच कळतो.

पौष शुद्ध १४

चार दिवस लिहिले नाही. चित्र सातवेच चालू आहे. पंतांच्या नोंदीत लिहिले की हा कागद रंग फार पितो.

सकाळी रंग घोटतो. दुपारी आळी निजते, पलीकडे खोगिरावर पडणारी मोगरी थांबते, आत्या माळ घेऊन बसते आणि बसल्या बसल्या डुलते. मग या खोलीत वेळ नावाची वस्तू राहत नाही. उजेड पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा केशरी. कधी मी जागा असतो आणि वाटते की स्वप्नात आहे. कधी स्वप्नात असतो आणि आनंदीच्या सुईचा कागदातून जाताना होणारा टुक टुक आवाज ऐकू येतो. काल डोळे उघडले तर तिच्या दंडावर कोळशाच्या पुडीचे ठिपके होते, ओळीने. मला वाटले, हे जोडले तर काय निघेल? बोटाने जोडत गेलो. तिच्या खांद्यापाशी ती जागी झाली आणि म्हणाली, "पुढं ठिपके नाहीत, तुमचं तुम्हीच काढा."

ती इतकी बोलते हे मला ठाऊक नव्हते. आम्ही पुष्कळ बोलतो. ती सांगते की तिच्या माहेरी मुळा नदीकाठी हिवाळ्यात पाण्यावर धुके येते आणि म्हशी त्यातून नुसती शिंगे घेऊन बाहेर येतात. मी म्हटले, हे काढीन.

पौष वद्य १

आठवे चित्र झाले. आम्ही पाचवे आसन करून पाहिले, सहावेही. पाचवे जमले नाही. सहावे तिला आवडले नाही, पाय भरून येतो म्हणाली. पुन्हा सातव्यावर आलो.

सासवडचा निरोप आला की हिरवी चोळी शिवायला टाकली आहे. आत्याने तो आनंदीलाच सांगितला. संध्याकाळी आनंदी नेहमीसारखीच भाकऱ्या थापत होती. फक्त पिठात मीठ नव्हते.

पौष वद्य ४

आज एक गोष्ट सापडली. नवव्याचा कागद काढताना पेटीच्या तळाचे मूळ रेखाटन हाती आले. सातव्याचे. त्यात पुरुष गुडघ्यांवर बसलेला आहे, डाव्या गुडघ्यावर सगळा भार. स्त्री पाठीवर. आमच्या चित्राशी त्याचा काही संबंध नाही.

खाके काढून पाहिले. पुरुषाच्या खाक्यावर लाल ठिपका भलत्याच कोपऱ्यात लावला आहे, त्यामुळे बसलेला माणूस वळून आडवा झाला. स्त्रीचा खाका उलट बाजूने टोचला आहे. सुईच्या भोकांचे खरखरीत काठ नको त्या बाजूला आले आहेत. तिचा वरचा हात तर खाक्यात मुळात होता तिथे नाहीच, नवा टोचला आहे. एकाच चित्रात तीन चुका. नऊ वर्षांत आनंदीच्या हातून एकही झाली नव्हती.

तिला दाखवावे असे वाटले. मग विचार केला, बिचारी सासवडच्या काळजीत असणार, मन ठिकाणावर नसणार. वाईट वाटून घेईल. खाके पुन्हा होते तिथे ठेवले. चूक माझ्या पथ्यावर पडली हे मात्र खरे. देव कधी कधी आंधळ्या सुईनेही काम करतो.

आता भीती एवढीच की यज्ञेश्वरपंत मूळ रेखाटनाशी ताडून पाहतील.

पौष वद्य ८

बारा चित्रे पुरी झाली. पंत आले, दार लावून पाहायला बसले. एकेक कागद हातभर लांब धरून पाहत होते, जणू त्यांना त्याचे काही नाही. सातव्यावर थांबले.

"हे मूळचे नाही," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"बाकी अकरांत माणसे कसरत करताहेत. हे दोघे एकमेकांना ओळखतात असे वाटते." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "ही उशी आहे की खोगीर?"

मी म्हटले, खोगीर.

"पुढच्या वेळी उशी काढा. सरदारांना वाटेल घोडा कुठे गेला."

ते गेल्यावर आनंदीला सांगितले. ती खूप वेळ हसली. मग हसणे थांबले आणि ती खाके गुंडाळत बसली. संध्याकाळ होत होती. आज ही खोली पुन्हा आत्याच्या ताब्यात जाणार, तिथे कांदे आणि पाटासाठीचे धान्य ठेवायचे आहे.

मी म्हटले, आत्यापुढे माझे काही चालत नाही, तुला ठाऊक आहे.

ती म्हणाली, "मी काही म्हटलं का? येऊ दे सासवडच्या बाईला. पण ती आली की कुशीचं तिला सांगावं लागेल, गादी कुठं ठेवायची तेही. नाहीतर तुम्ही पुन्हा ओरडाल. ते कोण सांगणार, तुम्ही की मी?"

ती उठली आणि सगळ्या खाक्यांची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवून गेली. तिला ठाऊक होते. विंचवाच्या त्या रात्रीपासून तिला सगळे ठाऊक होते, आणि ती पिंपळाला फेऱ्या घालत राहिली.

पौष वद्य ९

सांगितले.

सकाळी आत्या धान्य निवडत होती. मी समोर बसलो आणि सुपातले खडे काढू लागलो, म्हणजे तिच्याकडे पाहावे लागू नये. म्हटले, आत्या, दोष आनंदीचा नाही. दोन वर्षे मी तिच्याजवळ गेलेलो नव्हतो. खुबा मोडला तेव्हापासून. सासवडची आली असती तरी हेच झाले असते.

आत्याचे हात चालूच होते. तिने विचारले, "आणि विंचू?"

मी म्हटले, विंचू नव्हता.

तिने सुपातला एक खडा अंगणात फेकला. बाहेर कोणी खोगिराला टाके घालत होते, त्याचा दोरा ओढल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "दोन वर्षं मी त्या पोरीला उपाशी ठेवली. शेवग्याच्या शेंगेसारखी झाली. आणि तू जेवत होतास."

मी म्हटले, हो.

"आता?" तिने विचारले. तिला काय विचारायचे होते ते कळायला मला वेळ लागला. कानापर्यंत तापलो. म्हटले, आता ठीक आहे. मार्ग निघाला.

"कोणी काढला?"

मी म्हटले, योगायोगाने निघाला. खाक्यात चूक झाली, ठिपका भलत्या कोपऱ्यात पडला.

आत्याने सूप खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. वडिलांच्या हाताखाली तिने वीस वर्षे ठिपके लावले आहेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसूसारखे काही आले. "ठिपका आपणहून पडत नसतो, गेनबा," ती म्हणाली. तिच्या बोलण्याचा अर्थ मला नीट लागला नाही. देवाची करणी म्हणायचे असेल.

पौष वद्य १०

आत्या आज पहाटे सासवडला गेली. खोगिरे घेऊन जाणाऱ्या गाडीत तिला जागा मिळाली. होकार आपण घेतला, नकारही आपणच द्यायला हवा, निरोप्याच्या तोंडून नको, असे म्हणाली. त्या बाईचीही माफी मागावी लागेल. तिची चोळी शिवून झाली असेल. तिचा भाऊ काय म्हणेल, न्यायाला जातगंगा बोलवील की ऐकून घेईल, कोणालाच माहीत नाही. दिवेघाट चढून दुपारी पोचेल, परवा तिन्हीसांजेला परत येईल. तेव्हा कळेल.

ती गेल्यावर मागच्या खोलीकडे गेलो, तर दारात तिचा लोड ठेवलेला होता. ती स्वतः वापरते तो, शेवरीच्या कापसाचा, लाल अभ्र्याचा. आनंदीला विचारले. तिने सांगितले की लोड ठेवताना आत्या एवढेच म्हणाली: "खोगीर ज्याचं त्याला परत करा."

तिने पिंपळाच्या फेऱ्याही बंद करायला सांगितल्या आहेत. आनंदी म्हणते, आज एक घालून येते, सवय झाली आहे.

दुपारी पंतांचा माणूस आला. सरदारांना आणखी बारा चित्रे हवी आहेत, माघातच सुरू करायची. मूळ रेखाटने यावेळी नाहीत. सातव्यासारखी काढा, असे म्हणणे आहे. मी आनंदीला म्हटले, रेखाटनांशिवाय मी काय करणार? ती सुया तेलाच्या फडक्याला पुसत होती. म्हणाली की परवा आत्या येऊ दे, मग कडी लावून बसू, खाके मी बेतते.